नव्या संचात

मराठी नाटकाच्या जाहिरातीत दोन शब्द छापायची जुनी पद्धत आहे: ‘नव्या संचात’. नाटक तेच, नाव तेच, पण माणसं बदललीत, हे प्रेक्षकाला तिकीट काढायच्या आधी कळतं. ज्याला यायचं तो येतो, ज्याला मूळ संचाची आठवण जपायची असते तो घरी बसतो. ओहायोत राहायला आल्यापासून हे दोन शब्द मला वरचेवर आठवतात. इथे येणाऱ्या ब्रॉडवे म्युझिकल्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या गाणाऱ्या नाटकांच्या, दौऱ्यांच्या जाहिरातीत ते मी अजून एकदाही पाहिलेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एक म्युझिकल दुसऱ्यांदा पाहिलं. चार वर्षांपूर्वी याच थिएटरात पाहिलं होतं, बायकोला पुन्हा पाहायचं होतं. तेव्हा तिकीट ९५ डॉलर होतं, आता ११८. तेव्हा रंगमंचाचा मधला भाग गरगर फिरायचा. आता तो जागच्या जागी होता आणि मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरने रस्ता सरकत होता. वादक कमी दिसले, की-बोर्ड जास्त. पोरं मात्र जीव तोडून गात होती. मध्यंतरात सवयीने प्रोग्रॅमची शेवटची पानं चाळली. तिथे बारीक टायपात एक मजकूर असतो: या प्रयोगातले नट आणि रंगमंच व्यवस्थापक हे ॲक्टर्स इक्विटी असोसिएशनचे (म्हणजे त्यांच्या युनियनचे) सभासद आहेत, संघटनेची स्थापना १९१३, वगैरे. या वेळी तो दिसला नाही. घरी येऊन जुना प्रोग्रॅम शोधला. (बायको तिकिटांची अर्धुकंसुद्धा टाकू देत नाही, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.) त्यात तो मजकूर होता.

चार वर्षांत नाटक युनियनच्या कराराबाहेर गेलं होतं. लोक याला ‘टूर नॉन-इक्विटी झाली’ म्हणतात. ऐकायला असं वाटतं की त्याच नटांना कमी पैसे दिले. तसं होत नाही, होऊच शकत नाही. इक्विटीचं कार्ड, म्हणजे सभासदत्व, असलेल्याने युनियनबाहेरचं काम करायचं नाही असा नियम आहे. मूळ संचातला कुणी ‘मी अर्ध्या पैशात करतो’ म्हणाला तरी त्याला बसमध्ये चढता येणार नाही. सगळा संच नवा असतो.

एखादं म्युझिकल न्यूयॉर्कमध्ये चाललं की त्याचा पहिला राष्ट्रीय दौरा निघतो. शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को अशा गावांत आठवडेच्या आठवडे मुक्काम पडतो. मोठी गावं संपली की एकेक आठवड्याची, आणि मग एका रात्रीची किंवा दोन रात्रींची गावं उरतात. बऱ्याचदा त्या टप्प्यावर दौऱ्याचे हक्क दुसऱ्या निर्मात्याकडे जातात. तो नवी कंपनी काढतो, नव्या ऑडिशन्स घेतो आणि कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना घेऊन निघतो. स्थानिक थिएटर त्याला ठरावीक रकमेची हमी देतं, वर कमाईतला वाटा. त्या हमीत सगळं बसवायचं असतं: ट्रक, डिझेल, हॉटेलं, जाहिरात, मूळ लेखक-संगीतकारांची रॉयल्टी. यातलं काय कमी करता येईल? ट्रकवाला भाव सोडत नाही. डिझेलला ऑडिशन नसते. उरतो नट. ब्रॉडवेवर युनियनच्या करारातला किमान पगार आठवड्याला २००० डॉलरच्या वर आहे, शिवाय आरोग्य विमा आणि पेन्शनचे पैसे वेगळे. कराराबाहेर आकडा निर्माता सांगेल तो.

निर्मात्यांची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही. ज्या गावात हजार खुर्च्यांचं एकच थिएटर आहे आणि प्रयोग एकाच रात्री होणार आहे, तिथे पूर्ण युनियन दराने पन्नास-साठ माणसांचं बिऱ्हाड घेऊन जाणं परवडत नाही, हे खरं आहे. असे दौरे नसते तर त्या गावांत गाणारं नाटक पोचलंच नसतं. पण आमचं शहर तसं नाही. इथलं थिएटर अडीच हजार खुर्च्यांचं आहे, नाटक आठवडाभर होतं आणि तिकिटाचा दर चार वर्षांत वाढला आहे. छोट्या गावासाठी सांगितलेलं कारण मोठ्या गावात वापरायला लागले, तिथे माझी तक्रार सुरू होते.

युनियनची बाजू मांडणारे बहुतेक लोक नेमकी चुकीची तक्रार करतात. त्यांचं म्हणणं, युनियनबाहेरचा नट म्हणजे दुय्यम माल. तुम्ही ब्रॉडवेचे पैसे देऊन नक्कल पाहताय. मला हे पटत नाही, आणि थोडा रागही येतो. त्या रात्री गाणाऱ्या पोरांत उणं काही नव्हतं. पाच वर्षांनी यांतलेच काही जण कार्ड घेऊन न्यूयॉर्कमध्ये उभे राहतील, तेव्हा त्यांचा गळा कार्डामुळे सुधारलेला नसेल. गुणवत्तेवर भांडलात की समोरचा एक चांगला प्रयोग दाखवून तुमचं तोंड बंद करतो. भांडण पगाराचं आहे, ते पगाराचंच ठेवावं.

हा वाद नवा नाही. २००० साली ‘द म्युझिक मॅन’ ब्रॉडवेवर सूझन स्ट्रोमनच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा आलं आणि २००१ मध्ये त्याचा दौरा निघाला तो इक्विटीबाहेरच्या संचाने. युनियनचे लोक थिएटरांसमोर पत्रकं घेऊन उभे राहिले. गंमत अशी की या नाटकाचा नायक हा फिरता भामटा आहे. आयोवातल्या एका गावात उतरतो, मुलांचा बँड काढून देतो म्हणून वाद्यांचे आणि गणवेशांचे पैसे गोळा करतो, आणि त्याला स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नसतं. पत्रकं वाटणाऱ्यांना यापेक्षा चांगलं नाटक मागूनही मिळालं नसतं. दौरा मात्र चालू राहिला. लोक गेले, हसले, टाळ्या वाजवून घरी आले.

इक्विटीचा जन्मच मुळात दौऱ्यांच्या दुखण्यातून झाला. शंभर वर्षांपूर्वी तालमी बिनपगारी असत, आणि किती आठवडे चालतील याला धरबंध नसे. पोशाख बऱ्याचदा नटानेच आणायचे. सगळ्यात वाईट म्हणजे दौरा बुडाला की निर्माता रातोरात पसार, आणि नटमंडळी घरापासून शेकडो मैलांवर, खिशात परतीचं भाडं नाही. १९१३ मध्ये संघटना झाली, पण निर्माते तिला जुमानत नव्हते. ७ ऑगस्ट १९१९ ला नटांनी संप केला. तो आठ शहरांत पसरला, महिनाभर चालला आणि तीसहून जास्त नाटकं बंद पडली. निर्णायक ठरलं ते वेगळंच: वादक आणि रंगमंच कामगार नटांच्या बाजूने उभे राहिले. नट नसला तर बदली उभा करता येतो. पडदा ओढणाराच नसेल तर कुणाला उभा करणार? निर्मात्यांनी सही केली. पुढे इक्विटीने निर्मात्याकडून आधीच अनामत ठेवून घ्यायला सुरुवात केली, दौरा बुडाला तर पगार आणि परतीचं भाडं त्यातून निघावं म्हणून. जॉर्ज एम. कोहॅन हा त्या काळचा मोठा नट-निर्माता संपाच्या विरोधात होता आणि मरेपर्यंत इक्विटीचा सभासद झाला नाही. टाइम्स स्क्वेअरमध्ये आज पुतळा आहे तो त्याचा.

१९१३ हे साल वाचून मराठी माणसाला दुसरंही काही आठवतं. त्याच वर्षी बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. व्यवस्थापनाशी पटलं नाही तर आपणच मालक व्हायचं, ही आपली रीत. न्यूयॉर्कच्या नटांनी मालक होण्याचा नाद धरला नाही, त्यांनी करार मागितला. नट मालक झाला की कर्जही नटाच्याच बोकांडी बसतं, हे बालगंधर्वांनी पुढे पुरेपूर भोगलं. आणि मराठी नट आजही ‘नाईट’वर जगतो: प्रयोग झाला तर पैसे. २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा नाईटवर जगणाऱ्यांचे, विशेषतः पडद्यामागच्या लोकांचे, किती हाल झाले ते आपण पाहिलं. तेव्हा इथल्या युनियनकडे मी कौतुकानेच बघतो, हे आधी सांगून टाकतो.

पण तिने स्वतःचं दारही फार वर्षं घट्ट लावून ठेवलं होतं. कार्ड हवं तर युनियनच्या करारावर काम हवं, आणि युनियनचं काम हवं तर ऑडिशनच्या रांगेत आधी कार्डवाले. कार्ड नसलेली मुलं पहाटे पाचला रांगेत उभी राहायची आणि दुपारी ‘आज तुम्हाला बघणार नाही’ ऐकून परत जायची. अशा मुलांना वर्षभर रोज रंगमंचावर उभं राहायला मिळायचं ते युनियनबाहेरच्या दौऱ्यांतच. २०२१ मध्ये इक्विटीने नियम सैल केला. नट किंवा रंगमंच व्यवस्थापक म्हणून अमेरिकेत कुठेही पैसे घेऊन काम केलं असेल तर अर्ज करता येतो. दार उघडलं, तरी मुलं लगेच आत शिरत नाहीत. का, ते मला एका जेवणाच्या ताटावर कळलं.

आमच्या मित्राची मुलगी म्युझिकल थिएटरची पदवी घेऊन एका दौऱ्यात आहे. तिची बस आमच्या शहरात मुक्कामाला होती तेव्हा दुपारी जेवायला आली. वरणभात, तूप, लिंबाचं लोणचं. तीनदा भात घेतला. ती स्विंग आहे, म्हणजे रोज ठरलेली भूमिका नाही, कोरसमधल्या सहा जणींपैकी कुणीही आजारी पडली तर त्या दिवशी तिच्या जागी उभं राहायचं. तिने वही दाखवली. प्रत्येक पानावर रंगमंचाचा आराखडा आणि सहा रंगांच्या पेन्सिलींनी काढलेल्या वाटा: कोण कितव्या मात्रेला कुठून कुठे जातं, टोपी कुणाच्या हातात देतं. गुडघ्याला पट्टी होती.

“डॉक्टरला दाखवलंस का?” बायकोने विचारलं.

“मावशी, कुठे दाखवू? परवा इंडियाना, तेरवा केंटकी. मे महिन्यात टूर संपली की घरी जाऊन बघते. बाबांच्या इन्शुरन्सवर आहे अजून, सव्वीस पूर्ण होईपर्यंत.”

मी कार्डाचं विचारलं. ती म्हणाली, “काका, कार्ड घेतलं की दुसऱ्या दिवसापासून मी आणि पंधरा वर्षं ब्रॉडवे केलेल्या बायका एकाच रांगेत. आणि असली टूर तर करताच येणार नाही. इथे मला वर्षात दोनशे शो मिळतात.”

तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण ते बाबांच्या इन्शुरन्सचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. या देशात आई-वडिलांच्या विम्यावर सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येतं. युनियनचा निर्माता नटाच्या विम्यासाठी आठवड्यागणिक पैसे भरतो. हा निर्माता तेवढी पोरं घेतो ज्यांचा विमा कुणीतरी आधीच भरतंय. माझा मित्र, जो न्यू जर्सीत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे, तो स्वतःच्या नकळत एका नाट्यनिर्मात्याला दर महिन्याला हातभार लावतो. त्याचं नाव प्रोग्रॅममधल्या आभारांच्या यादीत असायला हवं. आणि ज्या पोरांच्या बापाकडे असा विमा नाही, ती या दौऱ्यांत किती टिकतात हा प्रश्नही आहेच. स्वस्त दौरा म्हणतात तो स्वस्त वगैरे नसतो, त्याचं बिल दुसऱ्या घरी जातं.

त्या रात्री प्रयोग संपल्यावर तिला डबा द्यायला मी मागच्या दाराशी गेलो होतो. अकरा वाजून गेले होते. धक्क्यावर ट्रक लागले होते आणि आमच्याच गावचे स्टेजहँड चाकांच्या पेट्या रॅम्पवरून ट्रकात चढवत होते. आमच्या थिएटरात हे कामगार युनियनचे आहेत. रात्रपाळीचा दर ठरलेला, कमीत कमी किती तासांचे पैसे मिळणार तेही ठरलेलं. आत मेकअप पुसणारी, ज्यांच्यासाठी अडीच हजार माणसं आली होती, ती मात्र कसल्याच कराराखाली नाहीत. १९१९ मध्ये नटांच्या मागे उभे राहिलेल्यांचेच हे वारस. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, कास्ट युनियनची नाही हे माहीत आहे का. तो म्हणाला, माहीत आहे, चांगली पोरं आहेत, आणि पेटी ढकलत निघून गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आता असे पाठिंब्याचे संप १९४७ च्या कायद्याने बहुतेक बंदच करून टाकलेत.

मग या पोरांनी स्वतःच मतदान करून युनियन का आणू नये? कायद्याने आणता येते, १९३५ पासून. २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टार गार्डन नावाच्या बारमधल्या नर्तकींनी एकमताने इक्विटीत प्रवेश केला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये मिकी माऊस आणि राजकन्या होणाऱ्या सुमारे १७०० कलाकारांच्या गटाने बहुमताने तेच केलं. बार जागेवर असतो, डिस्नीलँड जागेवर असतं. रोज तीच माणसं त्याच ठिकाणी भेटतात. दौरा मात्र आठ-नऊ महिन्यांचा. अर्ज, सुनावणी, मतदान, वाटाघाटी होईपर्यंत बस शेवटच्या गावाला पोचलेली असते आणि कंपनी विसर्जित झालेली असते. फिरस्तीचं हे दुखणं १९१३ मध्येही हेच होतं.

‘कम फ्रॉम अवे’ हे म्युझिकल ११ सप्टेंबर २००१ नंतर अडकलेल्या विमान प्रवाशांवर आहे. न्यूफाउंडलंडमधल्या गँडर नावाच्या लहानशा गावाने सुमारे सात हजार परक्या माणसांना दिवसचे दिवस खाऊ-पिऊ घातलं. २०१८ मध्ये त्याचा पहिला दौरा निघाला तो इक्विटीचा. २०२३ मध्ये तेच नाटक पुन्हा निघालं ते इक्विटीबाहेरच्या संचाने. अडकलेल्या माणसांची सोय करणाऱ्या गावाची गोष्ट आहे ती, एवढंच म्हणतो.

माझ्या मते दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत, आणि त्यातली एकही युनियनच्या हातात नाही. पहिली लेखकांच्या. अमेरिकन रंगभूमीवर संहितेची मालकी लेखक-संगीतकारांकडेच राहते. सिनेमासारखी ती स्टुडिओला विकलेली नसते. दौरा युनियनचा असो-नसो, त्यांची रॉयल्टी येतच असते, आणि यातले बरेच जण भाषणात नटांच्या बाजूचे असतात. हक्क देताना ‘अमुक खुर्च्यांहून मोठ्या थिएटरात इक्विटीचाच संच’ अशी अट घातली तर लहान गावांचं नुकसान होणार नाही आणि मोठ्या गावांत पळवाट उरणार नाही. निर्माते कुरकुरतील, पण यशस्वी नाटकाच्या लेखकाला नाही म्हणणं त्यांना जड जातं. शिवाय युनियनने कमी हमीच्या दौऱ्यांसाठी २००४ पासून कमी पगाराच्या पायऱ्या करून दिल्या आहेतच, खेळ चांगला चालला तर नटांना वाढीव वाटा अशा बोलीवर. तेव्हा कार्डवाल्यांतल्या अनेकांनी याला माघार म्हटलं होतं. मला तो शहाणपणा वाटतो. त्यामुळेच आजही बरेच दौरे कराराच्या आत आहेत.

दुसरी गोष्ट थिएटरांच्या हातात आहे, आणि तिला एक डॉलर लागत नाही. सीझनच्या माहितीपत्रकात प्रत्येक नाटकाखाली छापा, संच कोणत्या करारावर आहे. थिएटरवाले म्हणतात, लोक बिचकतील. बिचकू देत ना. अर्ध्यांना फरक पडणार नाही, मलाही प्रत्येक वेळी पडणार नाही. त्या मुलीच्या दौऱ्याला मी पुन्हा जाईन, वरच्या बाल्कनीतलं तिकीट काढून जाईन. फक्त ११८ डॉलर देताना मला माहीत असावं की त्यातले नटाच्या विम्याला शून्य जाताहेत. पुण्यात टिळक स्मारकला वीस रुपयांचं तिकीट काढतानाही हा मान प्रेक्षकाला मिळत होता.

पुढच्या सीझनच्या तिकिटांच्या नूतनीकरणाचं पत्र मार्चमध्ये आलं. सात नाटकं, चकचकीत कागद, ‘थेट ब्रॉडवेहून’ हे मोठ्या अक्षरांत. मी तिकीट खिडकीला फोन लावला आणि विचारलं, सातांपैकी कोणती इक्विटीची आहेत. पलीकडच्या बाईंनी मला होल्डवर ठेवलं, मग म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलं नाही, शोधून कळवते. मी विषय संपला असं समजून चाललो होतो. पण दोन दिवसांनी त्यांचा खरंच फोन आला. चार इक्विटीची, दोन नाहीत.

“आणि सातवं?”

सातव्याच्या संचाचं अजून ठरलेलं नाही, म्हणाल्या. त्याची तिकिटं मात्र सोमवारपासून खुली आहेत.